गुडघा किंवा खुबा बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर : प्रथमच या वाटेने जाणाऱ्यांसाठी

"आईच्या गुडघ्याची वाटी बदलायची आहे," असे सांगणारा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मी फिजिओथेरपिस्ट असून सांधेबदल झालेल्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. 'वाटी बदलणे' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की प्रत्यक्षात काय बदलले जाते याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. वाटी म्हणजे गुडघ्याच्या पुढच्या बाजूस हाताला लागणारे लहान हाड. शस्त्रक्रियेचे मुख्य काम त्याच्या मागे चालते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग यांवरची कूर्चा, म्हणजे रुग्णांच्या भाषेत 'गादी', झिजून गेलेली असते. तेथील सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा थर कापून त्यावर धातूचे आवरण बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये उच्च प्रतीच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिइथिलीनची, चकती ठेवतात. वाटीच्या मागच्या पृष्ठभागावर असे आवरण काही वेळा लावतात, काही वेळा लावत नाहीत. स्नायू, बाहेरचे अस्थिबंध आणि त्वचा तुमचीच राहते. हे ध्यानात आले की पुढचा व्यायामाचा सगळा आग्रह आपोआप कळतो, कारण नवा सांधा चालवायचा असतो तो जुन्याच स्नायूंनी.

खुब्यात मात्र खरोखरच मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती खोबण दोन्ही बदलतात. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा लहान गोळा आणि पॉलिइथिलीनची खोबण यांची जोडी वापरण्यास आरंभ केला. आजचा खुबाबदल त्याच पायावर उभा आहे.

पहिली पायरी : दुखते कोठे आणि का, याची खात्री

संधिवात हा एक आजार नाही. वयानुसार आणि भारानुसार होणारी झीज वेगळी आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटून होणारा आमवात वेगळा. आमवातात सकाळी अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ सांधे आखडलेले राहतात, बोटांचे सांधे सुजतात आणि औषधांनी आजार ताब्यात ठेवता येतो. तेव्हा थेट शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी हे निदान झाले आहे ना, ते पाहावे.

दुसरी गोष्ट एक्स-रेची. गुडघ्याचा एक्स-रे उभे राहून, दोन्ही पायांवर भार देऊन काढलेला असावा. झोपवून काढलेल्या चित्रात हाडांमधली फट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते आणि झीज लपते. तसेच खुब्याचे दुखणे पुष्कळदा मांडीच्या पुढून गुडघ्यात उतरते. गुडघा दुखतो म्हणून वर्षभर गुडघ्यालाच मलम चोळणाऱ्या व्यक्तीचा खुबा खराब निघाला, असे मी पाहिले आहे. मोजे घालताना किंवा पायाची नखे कापताना जांघेत कळ येत असेल, तर खुब्याचाही एक्स-रे मागून घ्यावा.

तिशी-चाळिशीतल्या माणसाचा खुबा दुखू लागला तर विशेष घाई करावी. या वयात झिजेपेक्षा मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणे हे कारण आपल्याकडे अधिक आढळते. स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेणे, अतिमद्यपान आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ही त्याची ओळखीची कारणे आहेत. विदर्भातील आणि नंदुरबारकडील कुटुंबांना सिकलसेलबद्दल वेगळे सांगायला नको. हा बिघाड साध्या एक्स-रेत दिसण्याआधी एमआरआयमध्ये दिसतो आणि गोळा चपटा होण्यापूर्वी उपचार झाले तर काही वेळा स्वतःचा सांधा वाचतो.

दुसरी पायरी : वेळ आली आहे का?

एक्स-रे वाईट दिसतो एवढ्यावरून शस्त्रक्रिया करू नये आणि बरा दिसतो म्हणून असह्य दुखणे सोसत बसू नये. रात्री दुखण्याने झोप मोडते का, दुकानापर्यंत किंवा देवळापर्यंत चालणे सुटले आहे का, वेदनाशामक गोळी रोज लागते का, पाय धनुष्यासारखे वाकत चालले आहेत का, या प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची आहेत. ही आणीबाणीची शस्त्रक्रिया नव्हे. दोन-तीन महिने नेमाने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून आणि वजन उतरवून पाहण्याइतका वेळ जवळजवळ प्रत्येकाकडे असतो. वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, हे लक्षात ठेवावे. त्या प्रयत्नांनंतरही शस्त्रक्रिया करावी लागली तरी केलेला व्यायाम वाया जात नाही, कारण बळकट मांडी घेऊन गेलेली व्यक्ती लवकर उभी राहते. उलट, वर्षानुवर्षे टाळत राहिल्याने स्नायू सुकतात, गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो, आणि मग तीच शस्त्रक्रिया कमी फळ देते.

येथे अपेक्षांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. या शस्त्रक्रियेने दुखणे जाते किंवा खूप कमी होते आणि पाय सरळ होतो. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसून भांडी घासणे, भारतीय शौचालय वापरणे हे मात्र बहुतेकांना कायमचे सोडावे लागते. मांडी घालता येईल असे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर विसंबून कोणी निर्णय घेऊ नये. काहींना ते जमतेही, पण त्याने चकतीवर ताण येतो. गुडघा बदललेल्या शंभरांपैकी दहा ते वीस जण नंतरही पूर्ण समाधानी नसतात. खुब्याच्या बाबतीत समाधानाचे प्रमाण अधिक आहे. टिकाऊपणाचे म्हणाल तर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात संपूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी ८२ आणि बदललेल्या शंभर खुब्यांपैकी ५८ पंचवीस वर्षे टिकलेले आढळले. पन्नाशीच्या आतल्यांना पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा संभव म्हणूनच जास्त असतो. त्यांनी नडगीचे हाड कापून भार दुसऱ्या बाजूला वळवण्याची शस्त्रक्रिया किंवा गुडघ्याचा झिजलेला एकच कप्पा, म्हणजे आतली किंवा बाहेरची एकच बाजू, बदलणे हे पर्याय आपल्याला लागू पडतात का, हे आवर्जून विचारावे.

तिसरी पायरी : सर्जनला काय विचारावे आणि पैशांचा हिशेब

प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि घरातील एकाने सोबत बसावे. तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, जंतुसंसर्ग झाल्यास तो कसा हाताळता, संपूर्ण सांधा बदलणे मला का आवश्यक आहे, हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. रोबोटिक शस्त्रक्रियेबद्दलही विचारावे. त्यात हाडांचे काप अधिक अचूक येतात, हे खरे आहे. परंतु रुग्णाला दीर्घकाळ त्याचा ठळक फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी कर्ज काढू नये.

दोन्ही गुडघे एकदम करावेत की अंतराने, हा प्रश्न हमखास निघतो. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला होता. एकदम केल्याने खर्च आणि रुग्णालयातले दिवस वाचतात, पण हृदय आणि फुप्फुसांवर ताण अधिक येतो. हृदयविकार असलेल्यांनी किंवा वय बरेच झालेल्यांनी अंतर ठेवणेच बरे, असे माझे मत आहे. पहिल्या गुडघ्याने चालता येऊ लागले की दुसऱ्याचा धीर आपोआप येतो.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी तेव्हा ५४,७२० रुपये आणि त्यावर जीएसटी अशी मर्यादा होती. त्यामुळे अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात सांध्याची किंमत, कंपनी व मॉडेल, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क, सर्जन व भूलतज्ज्ञांची फी, खोलीभाडे आणि नंतरची फिजिओथेरपी हे सर्व वेगवेगळे मागावे. ती मर्यादा गुडघ्यासाठी होती, म्हणून खुब्याच्या सांध्याची किंमत स्वतंत्र विचारावी. आरोग्य विमा असल्यास सांधेबदलासाठी काही वर्षांची प्रतीक्षामुदत आहे का, ते पॉलिसीत आधी पाहावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्यांनी योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांना प्रथम भेटावे. पुण्याचे ससून, मुंबईचे केईएम अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतही या शस्त्रक्रिया होतात. तेथे थांबावे लागते, पण थांबण्याचा तो काळ पुढच्या पायरीसाठी उपयोगी पडतो.

चौथी पायरी : शरीराची तयारी

कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर तेथे रक्तपुरवठा नसल्याने औषध पोहोचत नाही आणि काही वेळा सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. असे शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होते, पण ज्याला होते त्याचे वर्ष-दीड वर्ष त्यात जाते. म्हणून तयारीचा सर्वांत मोठा भाग जंतूंना वाट न ठेवण्याचा आहे. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, साधारण साडेसात-आठच्या आत आणावी. किडलेला दात आणि हिरड्यांचा पू आधीच बरा करून घ्यावा. लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या भेगा यांकडे दुर्लक्ष करू नये.

यात आपल्याकडचा एक विशेष धोका आहे. दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा घालणे, डाग देणे, जळवा लावणे हे प्रकार अजूनही घरोघरी चालतात. बिब्ब्याने त्वचा भाजून फोड आलेल्या स्त्रियांची ठरलेली शस्त्रक्रिया लांबणीवर पडलेली मी अनेकदा पाहिली आहे, कारण जेथे काप द्यायचा तेथेच जखम असते. तारीख ठरली की असे सर्व उपाय थांबवावेत. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर त्यानंतर किमान तीन महिने शस्त्रक्रिया टाळतात, हेही सर्जनला न विसरता सांगावे.

तंबाखू, मशेरी, बिडी हे सर्व निदान चार ते सहा आठवडे आधी बंद झाले पाहिजे. निकोटिनमुळे जखमेचा रक्तपुरवठा आक्रसतो. आजी मशेरी लावतात हे कुटुंबीय डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण ती त्यांना व्यसन वाटत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आमवाताची औषधे आणि घरी चालू असलेले काढे यांची संपूर्ण यादी भूलतज्ज्ञांना द्यावी आणि कोणते कधी बंद करायचे ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. मनाने काहीही बंद करू नये.

पाचवी पायरी : घराची तयारी

ही पायरी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. रुग्ण घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी लक्षात येते की वॉकर बाथरूमच्या दारातून आत जात नाही. म्हणून आठ-दहा दिवस आधी टेप घेऊन वॉकरची रुंदी आणि दारांची रुंदी मोजावी. जात नसेल तर अरुंद वॉकर मिळतो का पाहावे किंवा खोलीतच कमोडची खुर्ची ठेवावी. चाळीत राहणाऱ्या, सामाईक शौचालय वापरणाऱ्या कुटुंबांना तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. घरात कमोड असल्यास त्यावर उंची वाढवणारी बैठक बसवावी आणि शेजारच्या भिंतीत स्क्रूने पक्की दांडी लावून घ्यावी. चिकटवून बसवलेल्या दांड्या भार पडताच निघतात.

जमिनीवर गादी घालून झोपण्याची सवय असेल तर पलंग आणावा लागेल आणि तो इतका उंच हवा की काठावर बसल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा वर जाऊ नयेत. खुर्ची हातांची आणि टणक हवी, सोफा नको. पायपुसणी, सतरंज्या, जमिनीवरून गेलेल्या वायरी उचलून ठेवाव्यात. उंबरठा ओलांडताना वॉकर कसा उचलायचा, हे आधीच शिकून घ्यावे. स्वयंपाकघरातील रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणावेत. देवपूजा पाटाऐवजी खुर्चीवर बसून करता येईल अशी देवघराची मांडणी बदलावी. हे लहान वाटते, पण माझ्या अनुभवात आजी पहिल्यांदा नियम मोडतात त्या देवापुढेच. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी जिन्याला दोन्ही बाजूंनी आधार आहे का ते तपासावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी शक्यतो जूनच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नये, कारण अंगणात पहिले फेरे घालायचे त्याच वेळी शेवाळ धरते.

सहावी पायरी : रुग्णालयातील दिवस

बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात आणि शस्त्रक्रिया तास-दीड तासात आटोपते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. भीती वाटली तरी उभे राहावे, कारण पडून राहण्याने पायांच्या शिरांत रक्त साकळते. बधिरपणा उतरल्यापासून दर तासाला दोन्ही पावले वर-खाली हलवीत राहावे. साधारण तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात.

सातवी पायरी : पहिले सहा आठवडे

गुडघ्याच्या बाबतीत हे सहा आठवडे निर्णायक असतात. सर्वजण गुडघा किती वाकतो हे विचारतात, मी मात्र आधी तो सरळ होतो का ते पाहते. पूर्ण सरळ न होणारा गुडघा घेऊन चालणारी व्यक्ती लवकर थकते आणि लंगडते. त्यासाठी झोपताना गुडघ्याखाली उशी कधीही घेऊ नये. आराम वाटतो म्हणून ती हमखास घेतली जाते आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघा खाली दाबून पाच आकडे मोजावेत. टाच गादीवरून घसरत मागे आणणे आणि सरळ पाय वितभर उचलणे हे आणखी दोन व्यायाम. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर व्यायाम नीट होतो. गोळी न घेता सोसण्यात काही मोठेपणा नाही, कारण मग व्यायामच राहून जातो. दोन आठवड्यांत ९० अंशांपर्यंत वाकणे हे बरे लक्षण आहे. तीन महिन्यांत ११० ते १२० अंशांपर्यंत पोहोचता येते.

सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. गरम शेक आणि तेलाचे मालिश नको. मालिश करणारी बाई ठरवून ठेवलेली असली तरी तिला थांबवावे. टाके बारा ते चौदा दिवसांनी निघतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय खाली. गाडी चालवण्याचे सहा आठवड्यांनंतर आणि सर्जनच्या परवानगीनेच पाहावे. दुचाकी त्याहून उशिरा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेक रुग्ण खचतात. झोप लागत नाही, गुडघा रात्री ठणकतो, शेजारच्या काकू इतक्या दिवसांत काठीशिवाय चालत होत्या अशी तुलना सुरू होते. या काळात घरच्यांनी टोचून बोलू नये. गुडघा काही महिने स्पर्शाला कोमट लागणे, बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर असणे, चालताना बारीक टकटक आवाज येणे हे नेहमीचे आहे. सुधारणा वर्षभर होत राहते.

खुबा बदललेल्यांचे व्यायाम सोपे असतात आणि आराम लवकर पडतो, पण त्यांना गोळा खोबणीतून निसटण्याचा धोका असतो. मागच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, पाऊल आत वळवू नये आणि झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी. वाकून पायांना हात लावून नमस्कार करणेही या काळात बंद. सर्जनने पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया केली असेल तर नियम थोडे वेगळे असतात, ते त्यांच्याकडून लिहून घ्यावेत.

ताबडतोब डॉक्टरांना कळवावे अशी लक्षणे

जखमेतून पाच-सहा दिवसांनंतरही पाणी येणे, लाली पसरत जाणे, थंडी वाजून ताप येणे, बरा होत आलेला गुडघा अचानक दुखू लागणे. अशा वेळी जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेऊन पाहू नये. त्याने लक्षणे दबतात, जंतू सापडत नाहीत आणि मौल्यवान दिवस जातात. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच जावे. एका पोटरीत कळ आणि सूज आली तर त्याच दिवशी दाखवावे. छातीत दुखून एकाएकी दम लागला तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा. रक्त साकळू नये म्हणून दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शने सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण घ्यावीत. खुब्यासाठी ती मुदत अनेकदा पाच आठवड्यांची असते.

नंतरची काळजी

चालणे, पोहणे, सायकल हे सर्व करता येते. पालखीबरोबर काही टप्पे चाललेल्या आजीही मी पाहिल्या आहेत. धावणे आणि उड्या मारणे टाळावे. दुखत नसले तरी सर्जन सांगतील त्या अंतराने तपासणी आणि एक्स-रे करून घ्यावा, कारण सांधा सैल होणे आधी चित्रात दिसते आणि मग दुखते. दातांच्या डॉक्टरांना आणि विमानतळावरील तपासणीच्या वेळी कृत्रिम सांधा असल्याचे सांगावे.

शेवटची गोष्ट कागदाची. शस्त्रक्रियेत वापरलेल्या प्रत्येक भागाचे स्टिकर असते. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. घरी सोडताना ही स्टिकरे फाइलमध्ये चिकटवलेली आहेत का, हे पाहूनच सही करावी. धातूवर धातू घासणारा एक खुब्याचा सांधा २०१० साली जगभरातून परत मागवण्यात आला होता. भारतातही तो अनेकांना बसवलेला होता, आणि आपल्या शरीरात नेमका कोणता सांधा आहे हे कळण्यासाठी तेव्हा याच नोंदी उपयोगाच्या होत्या. वीस वर्षांनी एखादी चकती बदलण्याची वेळ आली तर नव्या सर्जनलाही जुळणारे माप त्यावरूनच मिळते. त्या पानाचा फोटो काढून मुलांच्या फोनमध्येही ठेवावा आणि मूळ फाइल रेशनकार्डाच्या शेजारी ठेवावी.